चार जीबी ते चार टीबी

‘हार्ड डिस्क कितीची टाकायची?’ १९९८-९९ च्या सुमारास घरी कॉम्प्युटर घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला असेंबलरने हा प्रश्न विचारलेला आहे. प्रोसेसर कुठला, रॅम ३२ एमबी की ६४, मॉनिटर १४ इंची की १५, हे सगळं पटापट ठरायचं. हार्ड डिस्कपाशी मात्र गाडी अडायची. ४.३ जीबीची घ्यावी, की थोडे पैसे घालून ६.४ ची? ‘एवढी भरणार आहे का कधी?’ असं वडील विचारायचे. ‘काका, निर्धास्त राहा, भरायची नाही,’ असं उत्तर यायचं आणि कोटेशनच्या कागदावर आकडा लिहिला जायचा.

आज ४ टीबीची डिस्क शर्टाच्या खिशात मावते. त्या पहिल्या डिस्कच्या जवळजवळ हजारपट जागा! पुरेल का, ही काळजी मिटली. तिच्या जागी दुसरी आली आणि ती अधिक खोलवर टोचणारी आहे: टिकेल का?

याचं कारण डिस्कच्या आकारात नाही, तिच्यात आपण काय ठेवतो यात आहे. तेव्हा घरच्या कॉम्प्युटरवर मुलाचं प्रोजेक्ट, दोन-चार गेम, वडिलांचे सोसायटीचे हिशेब आणि थोडी गाणी असायची. डिस्क गेलीच तर विंडोज पुन्हा टाकायचं, हळहळायचं आणि पुढे चालायचं. घराच्या आठवणी होत्या कपाटात, जाड पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये, पानांच्या मधल्या बटर पेपरखाली. आता मुंजीचे, बारशाचे, साठीशांतीचे फोटो डिस्कवर आहेत. आजीने सांगितलेली गोष्ट मोबाइलवर रेकॉर्ड केली होती, तिचा आवाजही तिथेच आहे. सातबाऱ्याचे स्कॅन, घराचा करारनामा, मुलांच्या गुणपत्रिका, सगळं तिथेच. डिस्क तेव्हा यंत्राचा एक भाग होती. आज ती घराचं दप्तर झाली आहे. म्हणून ती निवडण्याची आणि सांभाळण्याची रीतही नव्याने शिकायला हवी, आणि त्या शिकण्यात जुन्या दिवसांतलं बरंच काही उपयोगी पडतं.

तेव्हा खरेदी म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव असलं, तरी कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडी लॅमिंग्टनच. ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं, चालत जायचं आणि चार दुकानांत भाव विचारायचे. रोजची रेट लिस्ट झेरॉक्स करून काउंटरवर ठेवलेली असायची. ‘बिलावर हवी की बिनबिलाची?’ हा प्रश्न ठरलेला. मग आतून चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवी यायची. दुकानदार ती कात्रीने कापून डिस्क आपल्यासमोर धरायचा, वरच्या लेबलवरचा आकडा बोटाने दाखवायचा आणि तिच्या कडेला महिना-वर्ष छापलेला आपल्या दुकानाचा बोटभर स्टिकर चिकटवायचा. तो स्टिकर म्हणजे वॉरंटी. फाटला की हक्क संपला. परत येताना लोकलच्या गर्दीत ती डिस्क पोटाशी धरून आणायची, कारण धक्का लागू द्यायचा नाही, हे दुकानदाराने दोनदा बजावलेलं असायचं.

त्या काळी कंपन्याही कितीतरी होत्या. सीगेट, क्वांटम, मॅक्स्टर, वेस्टर्न डिजिटल, आयबीएम, फुजित्सू, सॅमसंग. प्रत्येकाची एका नावावर श्रद्धा असायची. ‘सीगेटशिवाय दुसरी घेऊ नकोस’ म्हणणारे जितके, तितकेच ‘सॅमसंग आवाज करत नाही’ म्हणणारे. पुढे ही नावं एकमेकांत विरघळत गेली. क्वांटमचा हार्ड डिस्कचा धंदा २००१ मध्ये मॅक्स्टरने घेतला आणि मॅक्स्टरला २००६ मध्ये सीगेटने. आयबीएमचा विभाग २००३ च्या सुरुवातीला हिताचीकडे गेला आणि तिथून २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे. फुजित्सूचा तोशिबाने घेतला, सॅमसंगचा २०११ मध्ये सीगेटने. आज फिरत्या तबकड्यांची डिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा.

नावावरची श्रद्धा तेव्हाही पुरेशी नव्हती, हे इतिहासच सांगतो. आयबीएमच्या डिस्कना फार मान होता. तरी २००० साली आलेलं तिचं डेस्कस्टार ७५जीएक्सपी हे मॉडेल इतकं बिघडायला लागलं की, पुढच्याच वर्षी अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले. कंपनी तीच, कारागिरी तीच, पण एक मॉडेल फसलं. आजही हेच खरं आहे. एकाच कंपनीचं एक मॉडेल वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतं आणि दुसरं दोन वर्षांत जीव टाकतं. म्हणून डिस्क घेताना कंपनीच्या नावापाशी थांबू नये. मॉडेल क्रमांक बघावा.

मॉडेल क्रमांकात काय बघायचं, हेही बदललं आहे. तेव्हा दोनच गोष्टी विचारायच्या: किती जीबी आणि किती आरपीएम, ५४०० की ७२००. आज तिसरी विचारलीच पाहिजे: सीएमआर की एसएमआर? एसएमआर डिस्कमध्ये जास्त माहिती बसावी म्हणून तबकडीवरच्या शेजारच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात; सीएमआरमध्ये त्या सुट्या असतात. एकदा लिहून ठेवायला एसएमआर डिस्क चालतात. पण मधलंच काही बदलायचं म्हटलं की पुढच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात आणि डिस्क रखडते. ही गोष्ट लेबलवर स्पष्ट लिहिलेली नसायची. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क न सांगता एसएमआर असल्याचं उघड झालं आणि ग्राहकांनी चांगलाच आवाज उठवला. त्यानंतर कंपन्यांनी कोणती डिस्क कोणत्या जातीची हे जाहीर करायला सुरुवात केली. घरातल्या डिस्कवर रोज भर पडणार असेल किंवा नेटवर्कवरच्या पेटीत दोन-चार डिस्क एकत्र चालवायच्या असतील, तर सीएमआरच घ्यावी.

खरेदीनंतरचा दुसरा सोहळा घरी व्हायचा. कॅबिनेटचं झाकण उघडायचं. डिस्कच्या मागच्या इवल्याशा जंपरवरून ती मास्टर की स्लेव्ह ते ठरवायचं. रुंद चपटी राखाडी केबल लावताना तिची लाल कडा पहिल्या पिनच्या बाजूला आहे ना, ते बघायचं. मग बायोसमध्ये ऑटो डिटेक्ट. डिस्कचं नाव पडद्यावर उमटलं की सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान. फ्लॉपीवरून एफडिस्क चालवायचं, फॉरमॅट सुरू करायचं आणि एकेक टक्का चढताना बघत बसायचं. विंडोज ९५ च्या पहिल्या आवृत्तीत एका पार्टिशनला २ जीबीची मर्यादा होती, त्यामुळे तुकडे करावेच लागायचे. पुढे मर्यादा गेली, पण सवय राहिली. सीमध्ये विंडोज, डीमध्ये डेटा, ईमध्ये गाणी आणि सिनेमे, ही वाटणी अख्ख्या देशाच्या कॉम्प्युटरवर एकसारखी होती.

या वाटणीने आपल्याला शिस्त दिली, त्याबरोबर एक गैरसमजही दिला. ‘महत्त्वाचं सगळं डीमध्ये टाकलंय, म्हणजे सेफ आहे,’ हे वाक्य आजही ऐकू येतं. विंडोज बिघडलं आणि सी फॉरमॅट करावं लागलं, तर डी वाचतं, इतपत ते खरं आहे. पण सी, डी आणि ई या एकाच डिस्कवर आखलेल्या रेघा आहेत. डिस्क गेली की तिन्ही एकदम जातात.

जुन्या डिस्क बोलायच्या. कॉम्प्युटर चालू केला की आधी मोटरचा चढत जाणारा सूर, मग हेड इकडून तिकडे पळताना होणारी कर्रकर्र. त्या आवाजाची इतकी सवय व्हायची की पलीकडच्या खोलीतूनही कळायचं, विंडोज सुरू झालं, आता फाइल उघडतेय. आजारी डिस्कचा आवाज वेगळा. एकाच लयीत येणारी टक-टक ऐकली की असेंबलर मान हलवायचा आणि म्हणायचा, ‘दादा, आजच्या आज कॉपी करून घ्या.’ तो कानाने निदान करायचा आणि पुष्कळदा ते बरोबर निघायचं.

वीज हा त्या डिस्कचा मोठा शत्रू होता. लोडशेडिंगच्या वर्षांत गावोगावी घरात कॉम्प्युटरपेक्षा यूपीएसचीच चर्चा जास्त असायची. दिवे गेले की त्याची पिपाणी सुरू व्हायची आणि मिनिटं मोजत फाइल सेव्ह करून बंद करायची धावपळ. वेळेत बंद झालं नाही, तर पुढच्या वेळी स्कॅनडिस्कचा निळा पडदा. त्याची चौकोनी घरं भरत जाताना एखाद्या घरात ‘बी’ अक्षर दिसलं की पोटात गोळा यायचा, कारण तो खराब सेक्टर असायचा.

आजचा एसएसडी बोलत नाही. त्यात फिरणारं काही नाही, धक्क्याचं भय नाही आणि कॉम्प्युटर काही सेकंदांत सुरू होतो. विंडोज आणि रोजचं काम यांच्यासाठी एसएसडीच हवा, यात आता वाद उरलेला नाही. पण तो जातो तेव्हा बरेचदा न कण्हता जातो. काल चालत होता, आज बायोसला दिसतच नाही. कानाने निदान करायचे दिवस गेले. आता डोळ्यांनी आकडे वाचावे लागतात.

ते आकडे प्रत्येक डिस्क स्वतःच नोंदवत असते. त्या सोयीला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर उघडलं की वर निळ्या चौकोनात ‘गुड’ दिसतं. तेवढ्यावर समाधान मानू नये. हार्ड डिस्क असेल तर खालच्या यादीत तीन ओळी शोधायच्या: रिअलोकेटेड सेक्टर्स, करंट पेंडिंग सेक्टर्स आणि अनकरेक्टेबल सेक्टर्स. पहिली ओळ सांगते की डिस्कने किती जागा खराब ठरवून राखीव जागेत हलवल्या. दुसरी सांगते की किती जागा वाचताना ती अडखळते आहे. तिसरी सांगते की किती जागा वाचताच आल्या नाहीत. तिन्हींपुढे शून्य असावं. आकडा दिसला आणि महिन्याभरात तो वाढला, तर आधी कॉपी करावी. डिस्कचा विचार त्यानंतर.

आकडे शून्य असले म्हणजे डिस्क अमर झाली, असंही नाही. गूगलने आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त लक्षात ठेवण्यासारखी आहे. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टमधल्या महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. म्हणजे खूण दिसली तर धावायचं, पण खुणेची वाट बघत बसायचं नाही.

खोक्यावर आणि माहितीपत्रकात आणखी एक आकडा असतो, १० लाख तासांचा. तास मोजले तर ११४ वर्षं होतात. त्याचा अर्थ आपली डिस्क ११४ वर्षं चालेल असा नाही. अशा हजार डिस्क वर्षभर सलग चालवल्या तर त्यांतल्या साधारण नऊ जातील, असा तो हिशेब आहे. हजारो डिस्क वापरणारी बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कचे आकडे जाहीर करते. तिथेही सगळा हिशेब मिळून वर्षाला शंभरातल्या एक-दोन डिस्क जातात. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या वस्तूसाठी हे प्रमाण फार चांगलं आहे. पण आपल्या घरात शंभर डिस्क नसतात. एकच असते आणि ती शंभरातली कोणती, हे कुणीच सांगू शकत नाही.

वॉरंटीची गोष्टही अशीच. साध्या डेस्कटॉप डिस्कला बहुधा दोन वर्षं, नेटवर्कच्या पेटीसाठी बनवलेल्या आयर्नवुल्फ किंवा रेड प्लससारख्या डिस्कला तीन आणि त्यांच्याच ‘प्रो’ भावंडांना पाच वर्षं वॉरंटी असते. पाच वर्षांची डिस्क घ्यावी, कारण कंपनीने स्वतः जास्त जोखीम पत्करलेली असते. पण वॉरंटीत मिळते ती डिस्क, तीही बरेचदा दुरुस्त केलेली. आपले फोटो कुठलीच कंपनी परत देत नाही. आणि खरेदीच्या दिवशीच कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटी तपासावी आणि स्मार्टमध्ये डिस्क किती तास चाललेली आहे ते बघावं. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात डेटा सेंटरसाठी बनवलेल्या, वापरलेल्या डिस्क तासांचा आकडा पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं, म्हणून नुसत्या तासांवर विसंबू नये, सीरियल नंबरही तपासावाच. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार निदान डोळ्यांसमोर पिशवी कापायचा. आता पार्सल आपणच उघडतो, तर तपासायचंही आपणच.

जपून ठेवायचं म्हणजे तेव्हा आधी फ्लॉपी आणि मग सीडी. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर प्रोजेक्ट न्यायचं, तर दोन प्रती करायच्या, कारण कॉलेजच्या मशीनवर एक तरी उघडणार नाही याची खात्रीच असायची. मग ७०० एमबीची सीडी आली आणि स्वर्ग दोन बोटं उरला. नीरो उघडायचं, गोल चक्र फिरताना कॉम्प्युटरला हातही लावायचा नाही आणि शेवटी ट्रे आपोआप बाहेर आला की गरम सीडी हातात घ्यायची. मोझर बेअरच्या कोऱ्या सीड्या दहा-पंधरा रुपयांवर आल्या, तेव्हा पन्नासचा स्पिंडल घरोघरी दिसू लागला. सीडी शंभर वर्षं टिकते, असं सगळेच सांगायचे.

टिकली नाही. लिहिण्याच्या सीडीतला रंगाचा थर उन्हाने आणि उष्णतेने उतरतो. वरचा चंदेरी मुलामा कडेपासून सुटतो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते, जशी ती लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटवरही धरली. पुढे लॅपटॉपमधून सीडी ड्राइव्हच गेला. २०१८ मध्ये मोझर बेअर कंपनीही लिक्विडेशनमध्ये गेली. ज्यांच्या घरी अजून सीड्यांचे पाउच आहेत त्यांनी यूएसबीवर चालणारा डीव्हीडी रायटर आणावा आणि उघडतंय तेवढं या वर्षीच उतरवून घ्यावं.

मराठी माणसाला आणखी एका कोड्याला सामोरं जावं लागतं. सीडी उघडते, फाइल दिसते आणि आत मराठीच्या जागी रोमन अक्षरं, कंस, उलटी प्रश्नचिन्हं यांची रांग. नव्वदच्या दशकात आपण मराठी लिहिलं ते श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमवर. प्रत्येकाची अक्षरांची मांडणी निराळी. तो फाँट मशीनवर नसेल, तर मजकूर असून नसल्यासारखा. कितीतरी दिवाळी अंकांचे, संस्थांच्या स्मरणिकांचे, घरच्या कुलवृत्तांतांचे मजकूर असे अडकून पडले आहेत. डिस्क शाबूत आहे, पण वाचणारा फाँट गेला आहे. यावर उपाय आहे. कन्व्हर्टर मिळतात आणि जुना मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. जोवर जुना फाँट ओळखणारी मंडळी आसपास आहेत तोवर हे काम उरकायला हवं. पुढच्यासाठी नियम सोपा: मराठी युनिकोडमध्ये, कागदपत्रं पीडीएफमध्ये, फोटो जेपीजीमध्ये. जगभर जे चालतं तेच वीस वर्षांनी उघडण्याची शक्यता जास्त.

आता साठवणीसाठी काय घ्यावं? मोठ्या साठवणीला अजूनही फिरत्या तबकडीची हार्ड डिस्कच. ती दर टीबीमागे स्वस्त पडते, शिवाय कपाटात बंद ठेवली तरी तिच्यावरची चुंबकीय नोंद वर्षानुवर्षं राहते. एसएसडी, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड यांत माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते आणि तो भार वीज नसताना हळूहळू झिरपतो. घरगुती एसएसडीसाठीच्या जेडेक मानकात अपेक्षा इतकीच आहे की, लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपलेल्या अवस्थेतही त्याने ३० अंश तापमानाला वर्षभर माहिती धरून ठेवावी. नवा एसएसडी त्याहून पुष्कळ जास्त टिकतो, पण उष्णता वाढली की मुदत घटते. अकोल्या-नागपूरच्या मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात काय होत असेल, ते सांगायला नको. पेन ड्राइव्ह नेण्या-आणण्यासाठी, जपण्यासाठी नव्हे. आणि हार्ड डिस्कही कपाटात टाकून विसरू नये. साठवणीच्या धान्याला आपल्या आज्या जशा वरचेवर ऊन दाखवायच्या आणि हात घालून बघायच्या, तशी तीही अधूनमधून लावून, फिरवून, उघडून बघावी लागते.

डिस्क कितीही चांगली असो, ती एकटी नको. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम घरालाही पुरेसा आहे. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. एक प्रत रोजच्या कॉम्प्युटरवर, दुसरी कपाटातल्या बाहेरून लावायच्या हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर किंवा बहिणीच्या घरी ठेवलेल्या डिस्कवर. दोन डिस्क घ्यायच्या तर एकाच दिवशी एकाच लॉटमधल्या घेऊ नयेत. कंपनी तरी वेगळी असावी किंवा महिना तरी. एका प्रतीची वायर कायम काढून ठेवलेली असावी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा कॉम्प्युटरला लावलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद झाल्या. वाचल्या त्या काढून ठेवलेल्या प्रती. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी रेडची (RAID) सोयही बॅकअपची जागा घेत नाही. चुकून पुसलं, तर ती इमानेइतबारे दोन्हीकडचं पुसते.

घराबाहेरची प्रत कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी २६ जुलै २००५ आठवावा. सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तळमजल्यावरच्या घरांत कॉम्प्युटर, सीड्या, अल्बम सगळं एकाच पाण्यात गेलं. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण, तिथेही तेच. कपाटातल्या दोन प्रती पुरापुढे एकच असतात. ज्यांची मुलं पुण्यात, बंगळुरूत किंवा अमेरिकेत आहेत त्यांच्याकडे ही सोय आयती आहे. सुट्टीला आले की एक डिस्क सोबत द्यावी.

इतकं सगळं आजच्या बाजूने सांगितल्यावर जुन्या दिवसांचं एक देणं मान्य करायलाच हवं. जागा कमी होती, म्हणून आपण निवडत होतो. ३६ फोटोंच्या रोलमध्ये प्रत्येक क्लिक विचार करून व्हायचा. २ जीबीच्या डीमध्ये काय ठेवायचं आणि काय पुसायचं, यावर घरात बोलणं व्हायचं. सीडीवर बारीक मार्करने कुणीतरी लिहायचं, ‘अण्णांची पंचाहत्तरी, मे २००३, फोटो आणि भाषणं’. ते अक्षर कुणाचं हेही घरात सगळ्यांना कळायचं. आज एका मिनिटाचा फोरके व्हिडिओ तीन-चारशे एमबी खातो आणि आपण त्याकडे बघतही नाही. फोल्डरचं नाव ‘न्यू फोल्डर २’. एकाच वाढदिवसाचे चारशे फोटो, त्यांतले निम्मे जवळजवळ सारखे, शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या चेपलेल्या प्रती वेगळ्याच. चार टीबीची डिस्क टिकवली आणि तिच्यात काय आहे हे कुणाला सापडलंच नाही, तर ते टिकणं काय कामाचं?

म्हणून जुनी सवय नव्या डिस्कवर आणावी. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग. प्रत्येक प्रसंगाचे पन्नास चांगले फोटो निवडून वेगळे. त्याच फोल्डरमध्ये एक साधी मजकूर फाइल: फोटोत डावीकडून कोण कोण आहे, गाव कुठलं, घर कुणाचं. मावशीच्या शेजारी उभ्या असलेल्या त्या गृहस्थांचं नाव आज घरातल्या एकालाच ठाऊक असेल. ते लिहून ठेवलं तरच तो फोटो पुढच्या पिढीला काही सांगेल. आणि डिस्क कुठे आहे, क्लाउडचा पासवर्ड काय, हे विम्याच्या पॉलिसीची नोंद असते त्याच वहीत लिहावं. घरातल्या एकट्यालाच माहीत असणं, हाही डिस्क बिघडण्याइतकाच मोठा धोका आहे.

या कामाला एक दिवस ठरलेला असावा आणि तो आपल्याकडे आयता आहे. खंडेनवमीला आणि दसऱ्याला घरची अवजारं पुसून मांडायची आपली रीत. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर आला आणि त्या वर्षीपासून कोयता, स्क्रूड्रायव्हर, स्कूटर यांच्या पंगतीत तोही बसला. मॉनिटरला झेंडूची माळ, कॅबिनेटवर हळदकुंकू. आजही लॅपटॉपवर आपट्याचं पान ठेवलं जातं. पूजा झाली की त्याच बैठकीत डिस्क बाहेर काढाव्या. स्मार्टमधल्या त्या तीन ओळी बघाव्या. प्रत्येक प्रतीतल्या दहा-बारा फाइली खरोखर उघडून पाहाव्या, कारण न उघडलेला बॅकअप हा फक्त अंदाज असतो. वर्षभरातलं नवं काय ते तिन्हीकडे उतरवावं. पाच-सहा वर्षं झालेली डिस्क चालत असली तरी तिची प्रत नव्या डिस्कवर घ्यावी आणि जुनीला जादा प्रत म्हणून निवृत्त करावं.

४.३ जीबीची ती डिस्क आयुष्यभर पुरेल, असं सांगणारा असेंबलर खोटं बोलत नव्हता. त्याला आणि आपल्याला दोघांनाही पुढचं दिसत नव्हतं. आता दिसतं आहे. कुठलीही डिस्क आयुष्यभर पुरणार नाही, हे ठाऊक असूनही तिच्यावरचं आयुष्यभर राहू शकतं, फक्त दर वर्षी कुणीतरी ते पुढे न्यायला हवं. येत्या दसऱ्याला घरातल्या धाकट्या मुलाला किंवा नातीला शेजारी बसवा. कुठली डिस्क कशाची, तीन ओळी कशा वाचायच्या, फोटोतले आजोबा कोण, हे दाखवा. पुढच्या दसऱ्याला तेच काम त्याच्या किंवा तिच्या हातून करवून घ्या.